रविवारचं विणकाम

घाटंजीत स्वेटर लागतो तो वर्षातून सव्वा महिना, आणि तोही सकाळी आठपर्यंत. तरी तिथल्या सहा बायका बारा महिने स्वेटर विणत होत्या. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली, की जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरांच्या बंगल्यात ही बैठक भरायची. मी तिथे तीन वर्षं गेले. तेवढ्या काळात त्यांच्यापैकी एकीचाही स्वेटर तिच्या हातून पुरा झालेला मी पाहिला नाही. जे पुरे झाले ते मी केले.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. वयाची वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. राळेगावकडच्या एका खेड्यातून वसतिगृहात, तिथून ट्रेनिंगला आणि तिथून थेट घाटंजीला, असा माझा प्रवास. छप्पन साली वडील नागपूरहून बुद्धाची तसबीर घेऊन परतले आणि त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं की पोरगी शिकणार. आई आयुष्यभर लोकांच्या वाकळा शिवत आली होती. जुनी लुगडी, जुनी धोतरं एकावर एक अंथरून धावदोऱ्याने जोडायची. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असे. शिवण मी तिच्याकडून शिकले आणि विणकाम ट्रेनिंगमध्ये.

बैठकीत माझा शिरकाव झाला तो एका गळ्यामुळे. शाळेच्या तपासणीच्या दिवशी मुलींच्या हस्तकलेच्या वस्तू मांडल्या होत्या. मॅनेजरीणबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. एका स्वेटरचा व्ही गळा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा गळा कुणी पाडला?"

मी म्हटलं, "मी."

"रविवारी घरी या," त्या म्हणाल्या. "आम्ही मैत्रिणी मैत्रिणी बसतो."

मैत्रिणी म्हणजे कोण, ते पहिल्याच रविवारी कळलं. डॉक्टरीणबाई नवऱ्यासाठी निळा स्वेटर विणत होत्या. तो त्या दोन वर्षं विणत होत्या आणि तेवढ्या काळात डॉक्टर इतके सुटले होते की पाठ विणून होईपर्यंत ती त्यांना पुरेनाशी होई. मग उसवायची आणि पुन्हा टाके घालायचे. जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांच्या पत्नी मासिकातला नमुना मोठ्याने वाचायच्या, "दोन एकत्र, एक सुलट, दोरा पुढे." बाकीच्या माना हलवायच्या आणि आपलं साधं उलट-सुलट विणत राहायच्या. आणखी दोघी-तिघी यायच्या, त्या चिवड्यासाठी. मॅनेजरीणबाई स्वतः काहीच विणत नसत. त्यांच्याकडे पायाचं मशीन होतं आणि त्यावर भरतकाम केलेलं कव्हर होतं. त्या मशीनवर शिवलेली म्हणून एवढी एकच वस्तू मला माहीत आहे, आणि तीही एका शिंप्याने येऊन शिवून दिली होती.

टाका सुटला की माझ्याकडे. गळा आला की माझ्याकडे. बाही लांब झाली, मोज्याची टाच अडली, बॉर्डर वाकडी गेली, सगळं माझ्याकडे. मी मान खाली घालून उसवायची आणि विणायची. त्यांच्या गप्पा चालायच्या. गप्पा कोणाच्या, तर जी त्या रविवारी आली नसेल तिच्या. त्यामुळे सगळ्या जणी न चुकता येत असत.

चहा आला की मॅनेजरीणबाई माझा कप स्वतः उचलून माझ्या हातात देत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "आमच्याकडे असलं काही नाही हो." पहिल्यांदा मला बरं वाटलं. दहाव्यांदा ऐकल्यावर कळलं, की जिथे असलं काही नसतं तिथे ते दर रविवारी सांगावं लागत नाही.

मग मी जात का होते? माझ्या पगारात लोकर बसत नव्हती, आणि तिथे ती हातात धरायला मिळे. नागपूरहून आलेली मऊ, जाड, चांगल्या रंगांची लोकर. शिवाय रविवारी माझी खोली खायला उठायची. एवढीच दोन कारणं. यापेक्षा मोठं कारण सांगावं असं वाटतं, पण ते नव्हतं.

मॅनेजरीणबाईंची मुलगी अठरा वर्षांची होती. शाळा सोडून घरी बसली होती. आळशी नव्हती, कंटाळलेली होती. बैठकीत एका कोपऱ्यात भरतकामाची रिंग मांडीवर घेऊन बसे आणि खिडकीबाहेर बघे. तिच्या नावाने तिची आई मला दर महिन्याला काहीतरी करायला सांगे. "बाई, नमुना म्हणून एक करून दाखवा, म्हणजे पोरगी बघून शिकेल." मी करून देई. मण्यांचा पोपट, दुसुतीवर लोकरीने भरलेलं सुस्वागतम्, क्रोशाचे रुमाल, मशीनच्या कव्हरसारखंच रेडिओचं कव्हर. नमुना गेला तो परत येत नसे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसे. वर्षभरात कपाट भरलं. मला वाटे, हौसेने ठेवत असतील. मूर्खपणा माझाही कमी नव्हता.

त्यामागचा उद्देश कळला तो नागपूरचं स्थळ आल्यावर. मुलगा इंजिनिअर होता. त्याची आई नव्हती. लहानपणापासून आत्याने वाढवलेला, आणि मुलगी पसंत करायची ती आत्यानेच. मॅनेजरीणबाईंनी बेत असा केला की रीतसर दाखवायचा कार्यक्रम नंतर, आधी आत्याबाईंनी रविवारी दुपारी सहज म्हणून यायचं. बायका विणत बसलेल्या असतील, मुलगी त्यांच्यात असेल, कपाट समोर असेल. घराला वळण कसं आहे ते न सांगता दिसेल.

आदल्या रविवारी त्याची तालीम झाली. खरोखर तालीम. कुणी कुठे बसायचं, हातात कोणत्या रंगाची लोकर धरायची, हे मॅनेजरीणबाईंनी उभं राहून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना निळ्याऐवजी पिवळा गुंडा दिला, कारण निळा स्वेटर इतक्या वर्षांत मळला होता. त्या शहाण्या, शिकलेल्या, चारचौघांत मान असलेल्या बायका शाळेतल्या पोरींसारख्या जागा बदलून बसल्या. एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी बघत होते आणि मला मनातून शिसारी येत होती.

निघताना मॅनेजरीणबाईंनी मला मशीनजवळ थांबवलं. "बाई, पुढच्या रविवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडचं जरा जुनं वळण आहे. तुम्ही सुशिक्षित आहात, समजून घ्याल."

मी म्हटलं, "बरं."

रस्त्याने येताना मला दहा उत्तरं सुचली. तिथे तोंडातून निघालं ते फक्त "बरं".

शुक्रवारी शाळा सुटून मी खोलीवर आले तर मॅनेजरीणबाईंची मुलगी पायरीवर बसलेली. आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून आली होती. घरात आईच्या धाकाने पुस्तकातल्यासारखं बोलणारी ही पोरगी माझ्यासमोर सरळ वऱ्हाडीत बोलली.

"बाई, त्या आत्याबाई पोरीले समोर बसवून शिवाले लावतात म्हणे. वर्ध्याची एक पोरगी त्याइनं तशीच वापस पाठवली. मले तर काहीच येत नाही."

"सुईत दोरा ओवता येतो?"

"तेवढं येते."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, रिंग हातात धरून बस, कोणी काही पाहत नाही."

"तुला हे लग्न करायचंय का?"

ती खाली बघून म्हणाली, "फोटो चांगला आहे."

मला तिला घालवून द्यावंसं वाटलं. जिच्या नावावर माझं वर्षभराचं काम लागणार होतं, ती मला म्हणत होती की आता मलाही तयार करा. पण दुसरीही एक गोष्ट होती. त्या घरातून एवढी एकच व्यक्ती अशी निघाली होती, की जिने मला काहीच येत नाही हे तोंडाने म्हटलं. बाकीच्यांनी तेवढंही कधी म्हटलं नव्हतं.

विणकाम दोन दिवसांत येत नाही. भरतकाम तर नाहीच. येऊ शकतो तो फक्त साधा धावदोरा. माझ्या खाटेवर आईच्या दोन लुगड्यांची अर्धी शिवलेली वाकळ होती. ती मी खाली अंथरली आणि तिला शेजारी बसवलं. कडेपासून आत आत चौकोन घेत कसं जायचं, चारही थर एका सुईत कसे धरायचे, कोपरा आला की दोरा न तोडता तीन तिरपे टाके घेऊन कसं वळायचं, ते दाखवलं. त्या दिवशीचे तिचे टाके कुठे गव्हाएवढे, कुठे चिंचोक्याएवढे. शनिवारी अर्धी शाळा होती. ती दुपारी एकपासून पाचपर्यंत शिवत बसली. बोटाला सुई टोचली की बोट तोंडात घाली आणि पुन्हा सुरू करी. रडली नाही, हेही सांगायला हवं. पाचाच्या सुमाराला तिचे टाके सरळ चालायला लागले आणि कोपरा वळला. मी तिला एक छोटं दुपटं अंथरून दिलं, तीन कडा शिवून. चौथी तिला ठेवली.

रविवारी मी घरीच होते. तिथे काय झालं ते मला पुढे दोघींनी सांगितलं, मुलीने आणि रेंजरीणबाईंनी, वेगवेगळं. दोघींचं जुळलं, म्हणून मी ते खरं धरते.

आत्याबाई आल्या. ठेंगण्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. मॅनेजरीणबाईंनी कपाट उघडलं आणि एकेक वस्तू काढून मुलीच्या नावाने दाखवली. पोपट पाहून आत्याबाई म्हणाल्या, "असे आमच्याकडे तीन आहेत." मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या आणि पिवळ्या लोकरीकडे बोट दाखवून सहज विचारलं, "पुढची ओळ कशी घेता?" डॉक्टरीणबाईंनी घाईत सुई ओढली आणि सगळे टाके एकदम सुटून मांडीवर आले. कुणी हसलं नाही. रेंजरीणबाई म्हणाल्या, की हसू दाबायला त्यांनी मासिक तोंडासमोर धरलं, आणि ते उलटं होतं.

मग आत्याबाई मुलीजवळ जाऊन बसल्या. मुलीने रिंग बाजूला ठेवली होती आणि दुपटं मांडीवर घेतलं होतं. तिची आई डोळे मोठे करून बघत होती, पण पाहुण्यांसमोर काही बोलता येत नव्हतं. मुलगी मान न उचलता शिवत राहिली. कोपरा आला. तीन टाके तिरपे घेतले आणि वळली.

आत्याबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हा कोपरा असा कुणी शिकवला?"

मॅनेजरीणबाई म्हणाल्या, "मीच. आमच्या माहेरची पद्धत आहे."

आत्याबाईंनी मुलीच्या हातातलं दुपटं घेतलं, सुईसकट, आणि त्यांच्यापुढे धरलं. "मग हा पुढचा तुम्ही करा."

मॅनेजरीणबाईंनी डोळ्यांचं निमित्त सांगितलं, चष्मा आत राहिल्याचं सांगितलं, दुपारच्या उजेडाचं सांगितलं. आत्याबाई दुपटं धरून बसल्या. शेवटी मुलगीच म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी शिकवलं. कपाटातलंही त्यांचंच आहे."

मी तिला पुढे विचारलं, हे बोलायचं धैर्य कसं झालं. ती म्हणाली, "धैर्य कायचं बाई, त्या माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. मले खोटं सुचलंच नाही."

अर्ध्या तासात फॅक्टरीचा चपराशी माझ्या दारात उभा. पन्नाशीचा, भला माणूस. "बाई, तुम्हाले बलावून राह्यल्या. नागपूरच्या पाहुण्या आहेत."

"त्याइले सांगा," मी म्हटलं, "आज मले येऊ नका म्हणून सांगतलं आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि गेला. निरोप त्याने जसाच्या तसा दिला असणार, कारण थोड्या वेळाने उन्हातून त्या तिघी आल्या. पुढे आत्याबाई, मागे मॅनेजरीणबाई छत्री घेऊन, त्यांच्या मागे मुलगी.

आत्याबाई पायरी चढल्या. एक पाय उंबरठ्याजवळ आला होता. खाटेवरची वाकळ त्यांना दारातूनच दिसली आणि चेहरा उजळला. मग त्यांची नजर भिंतीवर गेली, बुद्धाच्या तसबिरीवर. पुढे आलेला पाय त्यांनी मागे घेतला. घाईने नाही, हळूच, चुकून पुढे पडल्यासारखा.

मी म्हटलं, "पाणी घेता?"

"नको. आत्ताच चहा झालाय." मग म्हणाल्या, "ती वाकळ बाहेर आणता का? इथे उजेड चांगला आहे."

मी आणली. त्यांनी ती दोन्ही हातांवर पसरून घेतली. टाक्यांवरून अंगठा फिरवला, कड मागून पाहिली, कोपरा उलटा करून पाहिला. त्यांना शिवण कळत होती यात शंका नाही. माणूस कळत नव्हता, एवढंच. "आमच्या आजीचा टाका असा होता," त्या म्हणाल्या. "अशी एक मला करून द्याल का? नागपूरला पाठवा."

"नाही," मी म्हटलं.

मॅनेजरीणबाई छत्रीखालून म्हणाल्या, "त्या कामात असतात हो. मी सांगते त्यांना. करतील."

मी त्यांच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "वहिनी, त्यांच्याकडचं जुनं वळण आहे म्हणून तुम्हीच सांगितलं. माझ्या आईच्या नेसत्या लुगड्यांची वाकळ त्यांच्या अंगावर कशी चालेल?"

आत्याबाईंचे हात थांबले. वाकळ त्यांनी टाकून दिली नाही, तेवढी रीत त्यांच्यात होती. मुलीच्या हातात दिली आणि पदराला हात पुसले. मला दिसेल असे पुसले की सवयीने, ते मी ठरवू शकले नाही. मुलीने वाकळ घडी करून आत खाटेवर नेऊन ठेवली. खोलीत ती गेली आणि आली, तिला काही झालं नाही.

मला वाटलं होतं लग्न मोडेल. खरं सांगायचं तर मोडावं असं वाटत होतं. मोडलं नाही. जिला खोटं बोलता येत नाही अशी मुलगी घरात सोयीची असते, असं आत्याबाई म्हणाल्याचं रेंजरीणबाईंकडून कळलं. मॅनेजरीणबाईंनी मात्र गावभर सांगितलं की कपाटातल्या वस्तूंनी पाहुण्यांचे डोळे दिपले. घरी त्यांनी मुलीला झोडपलं, शब्दांनी. रागावल्या की त्यांची पुणेरी भाषा गळून पडायची. "तुले तोंड उघडाले कोन सांगतलं होतं?" हे वाक्य बंगल्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं होतं. कपाटातला पोपट आणि बाकी सगळं मुलीच्या सामानातून नागपूरला गेलं.

त्यानंतरच्या दोन रविवारी मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी चपराशी आला. "बाईसाहेब म्हणतात, डॉक्टरीणबाईचा गळा अडला."

आणि मी गेले. इतका वेळ त्या बायकांबद्दल मी ज्या तोऱ्यात लिहिते आहे, त्या तोऱ्यात हेही लिहिलं पाहिजे. कुणी माफी मागितली नाही, कुणी विषय काढला नाही, आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसले आणि निळा स्वेटर हातात घेतला. मॅनेजरीणबाईंनी चहाचा कप हातात दिला आणि म्हणाल्या, आमच्याकडे असलं काही नाही हो. मी चहा प्यायले. त्यांचा दिखाऊपणा त्यांच्या बुद्धीइतका होता. मला सगळं दिसत होतं, आणि दिसूनही मी तिथे बसत होते. आम्हा दोघींतली कमी दर्जाची कोण, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर माझ्या बाजूने लागत नाही.

आणखी दीड-पावणेदोन वर्षं मी गेले. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना, उन्हाळ्याचे दिवस. एका रविवारी मॅनेजरीणबाईंनी पांढऱ्या लोकरीचे गुंडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "बाई, नातवाचं सगळं विणायचंय. झबलं, टोपडं, मोजे. एक नमुना म्हणून करून दाखवा, मग पोरगी करेल."

मुलगी समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्या क्षणी मला राग आला नाही, फक्त कंटाळा आला, फार मोठा. मी गुंडे परत सरकवले.

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

"काहून?" मॅनेजरीणबाई म्हणाल्या. मैत्रिणींसमोर त्यांच्या तोंडून 'का'च्या जागी 'काहून' निघालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"मन नाही."

पाच बायका एकाच वेळी आपापल्या सुयांत डोकं घालून बसल्या. इतक्या मन लावून विणताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी चप्पल घातली आणि निघाले. फाटकापर्यंत मला वाटत होतं की मागून कुणी हाक मारेल, आणि मारली तर काय म्हणायचं तेही मी जुळवत होते. हाक आली नाही. नकार इतका सोपा असतो आणि तो द्यायला मला तीन वर्षं लागली, याचीच लाज जास्त वाटली.

पुढच्या रविवारी मी कुठेच गेले नाही. जेवले आणि आडवी झाले. बाहेर ऊन इतकं होतं की गल्लीत कुत्रंही फिरत नव्हतं. उठले तेव्हा चार वाजून गेले होते. स्टो पेटवून चहा केला. अंदाज चुकला, साखर जास्त पडली. तसाच प्यायले, आणि नंतर शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या.